सातासमुद्रापलीकडची यंत्रशाळा

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या पेठेतल्या कुरिअरच्या दुकानापुढे फराळाच्या डब्यांची रांग लागते. चकल्या मोडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिवडा दाबून भरायचा, ही युक्ती आता घरोघरच्या आयांना ठाऊक झाली आहे. डब्यांवरचे पत्तेही बहुतेक एकाच वळणाचे असतात. अमुक विद्यापीठ, तमुक राज्य, अमेरिका. मुलगा किंवा मुलगी संगणकाचे नाही तर यंत्रांचे उच्च शिक्षण घेते आहे, घराण्यातून परदेशी जाणारे पहिलेच माणूस आहे, आणि रांगेत उभे असलेले वडील अभिमान व काळजी यांच्या मधोमध कुठेतरी अवघडून उभे आहेत.

या रांगेकडे पाहून पुष्कळ जण म्हणतात, 'हे हल्लीचे खूळ. आमच्या वेळी नव्हते.' मला मात्र इतिहासाचा थोडा नाद असल्यामुळे हे विधान मुकाट्याने ऐकून घेणे जड जाते. कारण हे खूळ असेलच, तर ते चांगले एकशे चाळीस वर्षांचे जुने आहे, आणि त्याचा उगम आपल्या पुण्यातच आहे. त्याची कुळकथा सणाच्या निवांतपणात सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आनंदीबाई जोशी यांची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या, ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या आणि १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला वैद्यकाची पदवी घेऊन मोकळ्या झाल्या. परंतु त्यांच्याही आधी एक वर्ष, म्हणजे १८८२ साली, केशव मल्हार भट नावाचा पुण्याचा एक तरुण बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? आज ज्या संस्थेच्या तीन इंग्रजी आद्याक्षरांचा आपल्याकडे मंत्रासारखा जप चालतो, त्या संस्थेत शिरलेला हा पहिला हिंदी विद्यार्थी. संस्थेची सनद १८६१ ची, वर्ग सुरू झाले १८६५ साली. म्हणजे हा पुणेकर तिथे पोहोचला तेव्हा ती शाळाही अवघी सतरा वर्षांची पोर होती.

आणि ही गोष्ट एकट्या माणसाच्या हौसेची राहिली नाही. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे १८८१ च्या जानेवारीत निघाली होती. १८८४ साली 'मराठा'ने बॉस्टनच्या या संस्थेवर लेख छापले आणि अशी एक नमुनेदार संस्था हिंदुस्थानात निघाली पाहिजे, असे प्रतिपादन केले. राज्य राणीचे, कॉलेजे इंग्रजांची, आणि पुण्याच्या पत्राने दाखला द्यावा तो अमेरिकेचा, यात एक मर्म आहे.

ते मर्म समजायचे तर त्या काळचे आपले इंजिनिअरिंग पाहावे लागते. रुडकीचे कॉलेज १८४७ चे, पुण्याचे १८५४ चे. दोन्हींतून माणसे तयार व्हायची ती मुख्यतः सरकारच्या बांधकाम खात्यासाठी. रस्ता आखावा, कालवा खणावा, पूल बांधावा आणि साहेबाच्या हाताखाली निवृत्त व्हावे, असा तो मार्ग होता. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. विश्वेश्वरय्यांसारखा माणूस पुण्याच्याच कॉलेजातून निघाला. पण यंत्र चालवणे निराळे आणि यंत्र घडवणे निराळे. लोखंड ओतणे, काच बनवणे, रंग करणे, विजेचा प्रवाह खेळवणे हे शिकायला इथे ठिकाण नव्हते. मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली ती १८८७ साली, आणि बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने कलाभवन निघाले १८९० साली. इंग्लंडात जावे, तर तिथले कारखानदार हिंदी उमेदवारांना आत घ्यायला नाखूष. उद्या हाच पोरगा आपला गिऱ्हाईक न राहता प्रतिस्पर्धी होईल, हे त्यांना कळत होते. अमेरिकेत निदान प्रयोगशाळेचे दार तरी बंद नव्हते.

तेव्हा 'परदेशी जाणे' म्हणजे काय होते, याची कल्पना आज येणे कठीण. समुद्रपर्यटन निषिद्ध मानले जाई आणि परत आलेल्याने प्रायश्चित्त घ्यावे की नाही यावर गावात तट पडत. आगबोटीने महिना-दोन महिने लागत. पत्र टाकले तर त्याचे उत्तर येईपर्यंत ऋतू पालटे. घरात परदेशाचा अनुभव असलेले कोणी नाही, सल्ला विचारावा असा शेजारी नाही. शाकाहार पाळावा तर खायचे काय आणि थंडीसाठी कपडा घ्यायचा कोणता, इथपासून साऱ्याचे धडे स्वतःच गिरवायचे. घरातला पहिला माणूस म्हणून जाणे याचा खरा अर्थ हा. ज्याच्यामागे वाट नाही, त्याला प्रत्येक पाऊल विचार करून टाकावे लागते.

*

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीची हवा तापली आणि या वाटेवर पावले वाढू लागली. कलकत्त्यात १९०४ साली शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठी तरुणांना परदेशी धाडणारी एक मंडळी उभी राहिली आणि तिच्या मदतीने मुले जपानला, अमेरिकेला जाऊ लागली. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. माणशी पैसा-पैसा गोळा करून कारखाना काढायचा, ही कल्पना ऐकून हसणारे पुष्कळ होते. पण टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला.

या कारखान्याच्या उभारणीत ज्याची विद्या कामी आली तो ईश्वरदास वार्ष्णेय हा उत्तरेकडचा तरुण. तो आधी जपानला आणि मग त्याच बॉस्टनच्या संस्थेत शिकून आलेला. विद्या अमेरिकेची, माणूस संयुक्त प्रांताचा, पैसा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्या-कारकुनाच्या कनवटीचा आणि भट्टी मावळातली. असा चौरंगी संगम आपल्या उद्योगाच्या इतिहासात थोडाच सापडेल. पुढे वार्ष्णेय यांनी आपल्या प्रांतात बहजोई येथे काचेचा मोठा कारखाना चालवला. या उदाहरणातली एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. हा तरुण परत आला तेव्हा त्याच्यासाठी भट्टी पेटवायला लोक तयार होते. पुढच्या विवेचनात याचे काम पडणार आहे.

कारण याच काळात आपल्याच दोन मुलांची निराळी गत झाली. तळेगावचे, पण ढमढेऱ्यांच्या तळेगावचे, विष्णू गणेश पिंगळे हे १९११ च्या सुमारास अमेरिकेला गेले आणि सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात यंत्रविद्या शिकू लागले. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर तेव्हा पंजाबी मजूर लाकडाच्या गिरण्यांत राबत होते. १९०७ च्या सप्टेंबरात बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण करून हाकलून लावले होते. विद्यार्थी सुटीत फळबागांत आणि गिरण्यांत काम करून फीचे पैसे जमवीत, त्यामुळे पदवीचा उमेदवार आणि अंगठेबहाद्दर मजूर यांची गाठ एकाच चुलीपाशी पडे. आमच्या देशात वर्णाने व विद्येने लांब ठेवलेली ही दोन माणसे परक्या देशात एका ताटात जेवू लागली, आणि त्यातून गदर पक्ष जन्मला. त्याचे पत्र सॅन फ्रान्सिस्कोला १ नोव्हेंबर १९१३ रोजी निघाले.

पिंगळे १९१४ च्या अखेरीस परत आले ते पदवीसाठी थांबले नाहीत. रासबिहारी बोस यांच्या साथीने पलटणींत उठाव करण्याची खटपट चालू असता २३ मार्च १९१५ रोजी मीरतच्या घोडदळाच्या लाइनींत ते बाँबसह पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभा व इतर साथीदारांबरोबर फासावर चढले. वय वर्षे सत्तावीस. कर्तारसिंग यांचे तर एकोणीस. तेही अमेरिकेला गेले होते ते शिकायलाच.

दुसरे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. जपानमार्गे अमेरिकेला गेलेल्या या तरुणाने ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१३ साली पुलमनच्या कॉलेजातून एम. एस. पदवी घेतली. गदरच्या मूळ संघटकांपैकी ते एक. महायुद्ध सुरू होताच ते इराणकडच्या मोहिमेत उतरले, आणि त्यानंतर मायदेशी परतण्याचा रस्ता बंद झाला. इंग्रजांच्या राज्यात पाऊल टाकणे म्हणजे फासाला नाहीतर अंदमानला आमंत्रण. अखेर १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत स्थिरावले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, मक्याच्या सुधारित वाणांवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिवेरा याने शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांची आकृती रंगवली. स्वातंत्र्यानंतर ते स्वदेशी आले आणि १९६७ साली नागपुरात त्यांचे देहावसान झाले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभारला गेला. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या उपयोगासाठी शिकलेली विद्या मेक्सिकोच्या शेतकऱ्याच्या कामी आली. ज्ञान वाया गेले नाही, पण ज्या मातीसाठी ते मिळवले होते तिला ते मिळाले नाही.

*

आता कायद्याकडे वळू. 'मुले परत का येत नाहीत' किंवा 'पूर्वीची मुले कशी परत येत' असले वाद घालताना आपण अमेरिकेचा कायदा विसरतो, आणि मग सारे श्रेय किंवा दोष मुलांच्या मनाला देतो.

१९१७ साली अमेरिकेने एक कायदा करून आशियातल्या बहुतेक प्रदेशांतील लोकांना देशात येण्याची मनाई केली. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. मात्र विद्यार्थ्यांना त्यातून वगळले होते. १९२४ च्या कायद्यानेही विद्यार्थ्यांची ती वाट राखली. अर्थ उघड होता: शिकायला या, फी भरा, पदवी घ्या आणि परत जा. मधल्या काळात १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. एवढ्यावर न थांबता ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्याचा सपाटा सरकारने लावला. त्याला पायबंद घातला तो सखाराम गणेश पंडित या कॅलिफोर्नियातल्या वकिलांनी. थिंद यांचे वकीलपत्र त्यांनीच घेतले होते. तो खटला हरल्यावर सरकारने खुद्द त्यांच्या नागरिकत्वावर घाला घातला, तेव्हा ते स्वतःसाठी लढले आणि १९२६ साली वरिष्ठ न्यायालयात जिंकले. ती मोहीम त्यानंतर थंडावली.

या कायद्याने शिकलेल्या माणसाची काय अवस्था केली, याचे उदाहरण म्हणून दलिपसिंग सौंद यांचे चरित्र पाहावे. पंजाबातला हा तरुण १९२० साली बर्कलीला गेला तो फळे टिकवण्याचे आणि डबाबंद करण्याचे तंत्र शिकायला. मायदेशी परतून तोच उद्योग काढायचा, असा बेत होता. पुढे त्याने गणिताकडे वळून १९२४ साली डॉक्टरेट मिळवली. परंतु गणिताच्या या डॉक्टरला त्या देशात अध्यापकाची जागा मिळेना, आणि इंग्रजी राज्यावर उघड टीका केल्यामुळे घरचा रस्ताही सोपा राहिला नाही. मग इंपीरियल खोऱ्यात त्याने शेती केली, पालेभाज्या पिकवल्या. १९४६ साली हिंदी लोकांना वर्षाला अवघे शंभर प्रवेश आणि नागरिकत्वाचा हक्क देणारा कायदा झाला. तो व्हावा म्हणून झटणाऱ्यांत सौंद होते. १९४९ साली ते नागरिक झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत अमेरिकेच्या लोकसभेत निवडून आले. डबाबंदी शिकायला गेलेला माणूस कायदेमंडळात जाऊन बसला. गोष्ट गोड शेवटाची आहे, पण मधली पंचवीस वर्षे गोड नव्हती.

याच काळात आपले एक उदाहरण नेमके उलट्या बाजूचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तरकी केली. बढतीच्या वेळी हक्क डावलला गेला तेव्हा नोकरीला रामराम ठोकून बेळगावला सायकलचे दुकान काढले, मग नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. हे गृहस्थ स्वतः अमेरिकेला शिकायला गेले नाहीत. अमेरिकेतली यांत्रिक मासिके वर्गणी भरून मागवायची आणि चित्रे पाहून यंत्रे समजून घ्यायची, ही त्यांची विद्यापीठे. १९२२ साली मात्र त्यांनी मुलगा शंतनू आणि पुतण्या माधव या दोघांना त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत धाडले. ती आता बॉस्टनहून नदीपलीकडे केंब्रिजला गेली होती. माधवला तिथे क्षयाने गाठले आणि त्याचे शिक्षण अपुरे राहिले. त्या काळच्या परदेशी शिक्षणाच्या जमाखर्चात असल्या नोंदी पुष्कळ आहेत आणि त्या विसरू नयेत. शंतनुराव १९२६ साली यंत्रविद्येचे पदवीधर होऊन परतले ते थेट किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात. १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला, आणि विहिरीवरच्या मोटेच्या जागी इंजिनाचा आवाज खेडोपाडी ऐकू येऊ लागला.

आता सौंद आणि शंतनुराव यांची तुलना करा. दोघे जवळजवळ एकाच वयाचे, एकाच दशकात एकाच देशात शिकलेले. एकाच्या बुद्धीत किंवा देशप्रेमात काही कमी होते असे म्हणवेल काय? फरक होता तो एवढाच की एकासाठी घरी भाता पेटलेला होता, आणि दुसऱ्यासाठी इकडेही दार लोटलेले व तिकडेही. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. शिकलेला माणूस परततो की नाही हे त्याच्या मनावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक त्याच्यासाठी काम मांडून ठेवले आहे की नाही यावर असते.

*

स्वातंत्र्य दृष्टिपथात आले तेव्हा सरकारलाही हे उमगले असावे. १९४५ पासून शिष्यवृत्त्या देऊन शेकडो तरुण परदेशी पाठवले गेले, आणि त्याच वर्षी नेमलेल्या सरकार समितीने मॅसॅच्युसेट्सच्या धर्तीवर देशाच्या चार दिशांना चार तंत्रसंस्था काढाव्या, असे सुचवले. समितीचे अध्यक्ष नलिनीरंजन सरकार, म्हणून हे नाव. 'मराठा'ने १८८४ साली मागितलेली गोष्ट अशी साठ वर्षांनी सरकारी कागदावर उतरली. पहिली संस्था १९५१ साली खरगपूरला निघाली, ती हिजलीच्या बंदिशाळेच्या इमारतीत. जिथे इंग्रजांनी राजबंदी डांबले होते तिथे मुले गणिते सोडवू लागली. मुंबईची संस्था १९५८ साली रशियाच्या मदतीने निघाली आणि पवईच्या तळ्याकाठी वाढली. कानपूरला १९६२ पासून दहा वर्षे नऊ अमेरिकन विद्यापीठांनी हात दिला.

या शिष्यवृत्तीच्या पिढीत राजेश्वरी चटर्जी यांचे नाव मुद्दाम घेतो, कारण या लेखात आतापर्यंत आनंदीबाई सोडल्या तर सारे पुरुषच आले. म्हैसूर संस्थानातल्या या मुलीला १९४६ साली शिष्यवृत्ती मिळाली. पुढच्या वर्षी जुन्या सैनिकी जहाजातून महिनाभर प्रवास करून ती मिशिगन विद्यापीठात पोहोचली. विद्युत अभियांत्रिकीत आधी एम. एस. व नंतर डॉक्टरेट घेऊन १९५३ साली परतली आणि बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सूक्ष्मलहरींची प्रयोगशाळा तिने व तिच्या पतीने मिळून उभारली. शिष्यवृत्तीची अटच अशी होती की परत येऊन देशात काम करावे. पण अट आणि प्रयोगशाळा दोन्ही होत्या, म्हणून गोष्ट तडीस गेली.

फकीरचंद कोहली यांचेही तसेच. कॅनडात पदवी, १९५० साली मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत मास्टर्स आणि १९५१ साली मुंबईत टाटांच्या वीज कंपनीत रुजू. त्याच संस्थेत शिकून आलेल्या ललित कनोडिया यांच्यासारख्या तरुणांच्या खटपटीतून टाटांचे संगणकाचे काम १९६८ साली सुरू झाले, आणि पुढल्याच वर्षी कोहलींनी त्याची सूत्रे हाती घेतली. नरेंद्र पटणी यांनीही तिथेच शिकून अमेरिका आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये संगणकाच्या कामाचा धागा जोडला. त्यांच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९८१ साली पुण्यात इन्फोसिसची स्थापना केली. आज ज्या नोकऱ्यांच्या आशेवर आपली मुले संगणक शिकतात, त्या झाडाची मुळे अशी परतून आलेल्या चार-दोन माणसांत आहेत.

*

मग गळती केव्हा सुरू झाली? ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. जुने वंशावरचे कोटे गेले आणि कौशल्य असलेल्यांना प्राधान्य मिळाले. इकडे ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. चार रुपये शहात्तर पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांना मिळू लागला. शिक्षणाचा खर्च एका रात्रीत दीडपटीहून अधिक वाढला, आणि तिकडे मिळणाऱ्या पगाराची इकडची किंमतही तितकीच वाढली. परकीय चलनाची इतकी टंचाई होती की त्या पिढीची मुले खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसल्याच्या हकिकती सांगतात. इकडे कारखान्याला परवाना मिळायला वर्षे लागत, आणि तिकडे प्रयोगशाळा माणसांसाठी आसुसलेल्या. ज्यांच्या आजोबांना 'शिका आणि जा' असे बजावले गेले होते, त्यांच्या नातवंडांना 'शिका आणि राहा' असे निमंत्रण आले. त्यांनी ते स्वीकारले. अशी माणसे इतकी झाली की १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. गणपती आणि दिवाळी तिकडेही साजऱ्या होऊ लागल्या, शनिवार-रविवार पाहून का होईना.

मात्र त्या उदार कायद्याच्या पोटातच एक बारीक काटा होता. कोणत्याही एका देशाला ठरावीक मर्यादेपलीकडे जागा नाहीत. १९६५ साली हा नियम समतेचा वाटला. आज मर्यादा सात टक्क्यांची आहे, तीच छोट्या बेटाला आणि तीच आपल्या महाप्रचंड देशाला. त्यामुळे आपल्या इंजिनिअरांची कायम वास्तव्याची रांग दशकांत मोजावी लागते. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, सर्व देशांत सर्वाधिक, आणि त्यांतला सर्वांत मोठा गट गणित व संगणकशास्त्राचा. केशव मल्हार भट एकटे गेले होते. आज एकेका वर्गात अर्धी बाके आपल्या मुलांची असतात. तरी पहिल्या पिढीचे ओझे हलके झालेले नाही. दागिने मोडण्याऐवजी बँकेचे कर्ज आले आणि पत्राऐवजी रोज रात्री मोबाइलवर तोंड दिसू लागले, एवढाच फरक. कर्ज फेडायचे तर तिथे नोकरी हवी, आणि नोकरीला परवाना हवा. तो मिळणे बव्हंशी सोडतीवर. रडवेले तोंड मोबाइलपुढे हसरे करून 'सगळे ठीक आहे, आई' म्हणणारी मुले आजही आहेत. पूर्वी निदान महिनाभराने पोहोचणाऱ्या पत्रात हे लपवणे सोपे होते.

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली वडीलधाऱ्यांसाठी. 'परत कधी येणार?' हा प्रश्न मुलांना विचारण्याआधी तो जरा स्वतःकडे आणि आपल्या गावाकडे वळवून पाहावा. तळेगावच्या लोकांनी पैसा-पैसा जमवून आधी भट्टी पेटवली होती. आपण परत येणाऱ्यासाठी काय पेटवून ठेवले आहे? आणि तो परत आलाच नाही, तर खानखोज्यांच्या मक्यासारखी त्याची विद्या तिकडच्या माणसांच्या उपयोगी पडते आहे, हेही थोडे मानून घ्यावे.

दुसरी गोष्ट कागदांची. या साऱ्या इतिहासात गेलेल्यांची नावे सापडतात, पण ज्यांनी दागिने काढून दिले त्या आयांची, बहिणींची आणि वाट पाहणाऱ्या बायकांची नावे क्वचितच. ती असतात फक्त घरच्या पत्रांत. कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत निळ्या हवाई पत्रांची जुडी असेल, आगबोटीच्या तिकिटाचा तुकडा असेल, फीची पावती असेल. दिवाळीची साफसफाई करताना ती रद्दीत घालू नका. त्यावर तारीख आणि नाव लिहून ठेवा. आज अमेरिकेला निघालेल्या मुलीला तिच्या पणजीच्या अक्षरातले एक पत्र वाचायला मिळाले, तर आपल्यामागे वाट होती हे तिला कळेल, आणि तेवढ्याने तिच्या पेटीचे वजन काही वाढणार नाही.